परवानगीचे आकाश : प्रस्तावना

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या धावपट्टीवरून तेजस मार्क-१ए हे लढाऊ विमान आकाशात झेपावले. नाशिकच्या कारखान्यात तयार झालेले हे पहिले तेजस. त्या दिवशी नाशिककरांची छाती फुगली असेल तर त्यात वावगे काही नाही. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा, म्हणजे एचएएलचा, इथला कारखाना १९६४ पासूनचा. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री होते आणि १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर गेले होते. मिग-२१ इथे बनली, पुढे मिग-२७ बनली, त्यानंतर सुखोई-३०. ओझर, पिंपळगाव, निफाड या पट्ट्यात विमानाचा कारखाना ही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. ती नोकरी आहे, बस आहे, पाळी आहे.

तरीही त्या दिवशी उडालेल्या विमानाचे इंजिन अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकचे होते. वैमानिक ज्या आसनावर बसला होता, ते ब्रिटनच्या मार्टिन-बेकर कंपनीचे. मार्क-१एच्या सुरुवातीच्या विमानांचे रडार इस्रायली. साठ वर्षे लढाऊ विमाने बांधूनही आपल्या विमानाचे काळीज बाहेरून का आणावे लागते, आणि तसे आणण्यात धोका नेमका कशाचा, या दोन प्रश्नांसाठी हे पुस्तक लिहिले आहे.

धोका म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे एक गुप्त कळ येते. युद्धाच्या ऐन वेळी परदेशात कुणीतरी ती दाबणार आणि आपली विमाने जागच्या जागी थिजणार. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने युक्रेनला मिळणारी गुप्त माहिती काही दिवस रोखली, तेव्हा युरोपात अमेरिकी एफ-३५ विमानांबद्दल हीच धास्ती बोलली गेली. अशी कळ विमानात नाही, असा खुलासा विकणाऱ्यांनी केला, स्वित्झर्लंडसारख्या घेणाऱ्यांनीही केला. माझ्या मते कळ आहे की नाही हा वादच गौण आहे, कारण तिची गरजच पडत नाही. सुटे भाग पाठवायचे थांबवले की पुरे.

हे समजायला विमान जमिनीवर असताना पाहावे लागते. लढाऊ विमानाच्या प्रत्येक महत्त्वाच्या भागाची नोंदवही असते. हा पंप इतके तास चालला, याचे इतके उरले. हे रबरी सील अमुक महिन्यानंतर वापरायचे नाही, मग ते दिसायला कितीही कोरे असो. वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनाखाली स्फोटक काडतुसे असतात आणि त्यांच्यावर मुदतीची तारीख छापलेली असते. ती तारीख उलटली आणि नवी काडतुसे आली नाहीत, तर इंजिन ठणठणीत, पंख शाबूत, वैमानिक तयार, तरी ते विमान उडवता येत नाही. हवाई दलात अशा विमानाला ‘एओजी’, म्हणजे ‘एअरक्राफ्ट ऑन ग्राउंड’, म्हणतात. फळ्यावर त्याच्या क्रमांकापुढे ही तीन अक्षरे पडली की तंत्रज्ञांची धावपळ सुरू होते : दुसऱ्या तळावर भाग आहे का, दुरुस्तीला गेलेला कधी परतेल, शेजारच्या बंद विमानातला काढून बसवता येईल का. हा शेवटचा उपाय सर्वांत महाग. त्यात एक विमान उभे राहते खरे, पण दुसरे अधिकच पोकळ होते.

जॅग्वार हे याचे आजचे उदाहरण. फ्रान्सने ते २००५ मध्ये सेवेतून काढले, ब्रिटनने २००७ मध्ये, ओमानने २०१४ मध्ये. आता जगात एकटे भारतीय हवाई दल ते उडवते. ज्यांनी ते जन्माला घातले त्यांच्याकडे त्याचे भाग बनवण्याचे कारण उरलेले नाही, म्हणून इतर देशांनी निवृत्त केलेल्या जॅग्वारचे सांगाडे सुट्या भागांसाठी आणण्याची वेळ आपल्यावर आली. इथे कुणी आपले वाईट चिंतले नव्हते. विकणारा पुढे निघून गेला आणि घेणारा मागे राहिला, इतकेच.

वाईट चिंतून केलेले प्रसंगही आहेत, आणि त्यातला सर्वांत बोलका आपल्या शेजारचा. ऑक्टोबर १९९० मध्ये अणुकार्यक्रमाच्या कारणावरून, प्रेसलर दुरुस्ती या कायद्याखाली, अमेरिकेने पाकिस्तानची मदत थांबवली. तोवर पाकिस्तानसाठी २८ एफ-१६ विमाने बांधून झाली होती आणि त्यांच्यापोटी कोट्यवधी डॉलर चुकते झाले होते. ती विमाने अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, डेव्हिस-मॉन्थन तळावर, नेऊन ठेवली. तिथली कोरडी हवा गंज धरू देत नाही, म्हणून जुनी विमाने साठवायला ती जागा निवडलेली. तिथे ही कोरी करकरीत विमाने वर्षानुवर्षे उभी राहिली. ती ठेवण्याचा खर्चही पाकिस्तानच्याच नावे मांडला गेला. १९९८ च्या अखेरीस तडजोड झाली, ती काही रोख रकमेवर आणि उरलेल्यापोटी गव्हासारख्या मालावर. पुढे त्यातली काही विमाने अमेरिकी नौदलाने आपल्या वैमानिकांच्या सरावात शत्रूची भूमिका करायला वापरली. पाकिस्तानची फजिती म्हणून हा किस्सा आपल्याकडे चवीने सांगितला जातो. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. पैसे भरले, माल तयार झाला, आणि तिसऱ्याच कारणाने दार लागले; त्या जागी कुणीही असू शकते.

इराणच्या शहाने एफ-१४ टॉमकॅट विमाने घेतली, ७९ हाती पडली आणि १९७९ मध्ये क्रांती झाली, तशी सुट्या भागांची वाट बंद झाली. अमेरिकी नौदलाने २००६ मध्ये आपली टॉमकॅट निवृत्त केल्यावर उरलेल्या सांगाड्यांचा चुरा करून टाकला, तो त्यांचे भाग वळशाने इराणात पोहोचू नयेत म्हणून. तुर्कस्तान तर एफ-३५ च्या कार्यक्रमात भागीदार होता आणि त्याचे कारखाने विमानाचे भाग बनवत होते. रशियाची एस-४०० यंत्रणा घेतली म्हणून जुलै २०१९ मध्ये त्याला बाहेर काढले. भागीदारीही ढाल ठरली नाही.

आपल्याकडे या गोष्टी ऐकल्यावर ठरलेले उत्तर येते : अमेरिका बेभरवशाची, रशिया आपला जुना मित्र. मैत्री खरी होती, मी ती नाकारत नाही. मिग-२१ चा परवाना सोव्हिएत संघाने दिला तेव्हा पाश्चात्य देश त्या तोडीचे काही द्यायला तयार नव्हते. पण १९९१ च्या डिसेंबरात तो मित्रच नकाशावरून पुसला गेला. एका विमानाचे भाग बनवणारे कारखाने रातोरात वेगवेगळ्या देशांत गेले. पत्रे कुणाला लिहायची, पैसे कोणत्या चलनात द्यायचे, हमी कुणाची घ्यायची, काहीच ठरेना. वाहतूक करणारी आपली एएन-३२ विमाने युक्रेनची निघाली. पुढे रशिया आणि युक्रेन यांच्यात युद्ध पेटले, आणि रशियाकडून ठरलेली एक मोठी खेप येणार नाही असे हवाई दलाने संसदेच्या स्थायी समितीला सांगितल्याची नोंद मार्च २०२३ च्या अहवालात आहे. म्हणजे नकार देण्याची इच्छा नसलेला विक्रेताही हतबल होऊ शकतो. महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, २०१५ मध्ये सुखोई-३० चा हिशेब मांडला, त्यात कोणत्याही वेळी उडण्याजोगी विमाने ५५ ते ६० टक्के निघाली. अपेक्षा ७५ टक्क्यांची होती. २०० विमाने कागदावर असतील तर त्यातली ८०-९० जमिनीवर, असा त्याचा साधा अर्थ. शत्रूने एकही गोळी न झाडता झालेली ही घट आहे.

निर्बंधांचा चटका आपल्याला १९९८ मध्ये बसला. मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या तेव्हा तेजसच्या उड्डाण-नियंत्रण प्रणालीवर काम करणारे आपले अभियंते अमेरिकेत लॉकहीड मार्टिनकडे होते. त्यांना निघून जायला सांगण्यात आले, त्यांचे काम तिथेच अडकले. नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरे ब्रिटनकडून घेतलेली, पण त्यांच्यात अमेरिकी भाग होते, म्हणून तीही जमिनीवर आली. तेजसचे मात्र वेगळे झाले. बंगळूरच्या अभियंत्यांनी ती नियंत्रण प्रणाली स्वतः पुरी केली आणि ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी विमान उडवून सुखरूप उतरवले. तेजस अत्यंत अस्थिर घडणीचे विमान आहे. संगणक क्षणाक्षणाला सावरत राहिला नाही तर माणसाच्या हाताने ते हवेत राहणार नाही. ती सावरणारी गणिते आपल्या लोकांनी निर्बंधांच्या काळात लिहिली. तेजस प्रकल्पाचे प्रमुख डॉ. कोटा हरिनारायण यांच्या चमूचे हे काम जितके सांगितले जायला हवे होते तितके सांगितले गेले नाही.

सी किंगच्या उदाहरणात एक गोष्ट दडलेली आहे, तिच्याकडे वाचकाने नीट पाहावे. विमान विकणारा देश एक, आणि ‘नाही’ म्हणण्याचा हक्क असलेला देश दुसराच. १९७८ मध्ये भारताला खोलवर मारा करणारे विमान हवे होते आणि स्वीडनचे व्हिगन हे त्यातले एक दावेदार होते. स्वीडन तटस्थ देश, कुणाच्या गटात नाही. पण व्हिगनचे इंजिन अमेरिकेच्या प्रॅट अँड व्हिटनीच्या मूळ रचनेवरून केलेले. कार्टर सरकारने परवाना नाकारला आणि स्वीडनची विक्री तिथेच संपली. आपण जॅग्वार घेतले. त्याच्या आदल्याच वर्षी इस्रायलला स्वतःचे क्फिर विमान इक्वेडोरला विकायचे होते. त्याचेही इंजिन अमेरिकी, त्यालाही अमेरिकेने मनाई केली. हे क्फिर जन्मले कशातून, तर १९६७ मध्ये फ्रान्सने पैसे भरलेली ५० मिराज अडवून धरल्याच्या संतापातून. परावलंबन तोडायला निघालेला देश एका दोरीतून सुटला आणि दुसरीत अडकला. अर्जेंटिना आणखी एक. १९८२ च्या फॉकलंड युद्धाला चार दशके होत आली तरी, २०२० मध्ये दक्षिण कोरियाचे एफए-५० विमान त्याला मिळू शकले नाही, कारण त्यात काही ब्रिटिश भाग होते. आपले तेजस उद्या कुणाला विकायचे झाले, तर आसन ब्रिटिश आणि इंजिन अमेरिकी आहे हे गिऱ्हाइकाच्या आधी आपण लक्षात ठेवलेले बरे.

इथपर्यंत दोष दुसऱ्यांचा होता. या पुस्तकाचा जास्त भाग मात्र आपल्या दोषाबद्दल आहे, आणि तो लिहिताना मला वारंवार मारुतकडे परतावे लागले.

एचएफ-२४ मारुत हे भारतात आखलेले पहिले जेट लढाऊ विमान. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या हाताखाली बंगळूरला आपल्या अभियंत्यांनी ते उभे केले, आणि १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी ते उडवले. विमानाची आखणी ब्रिटनच्या ऑर्फियस इंजिनाच्या एका जोरकस आवृत्तीसाठी झाली होती. ती आवृत्ती ब्रिटनला स्वतःसाठी नको झाली. विकासाचा खर्च उचलाल तर पुढे नेतो, असे आपल्यापुढे ठेवले गेले आणि आपण तो खर्च उचलला नाही. मग कमी ताकदीचे ऑर्फियस बसवले गेले. स्वनातीत वेगासाठी रेखलेला तो देखणा सांगाडा आयुष्यभर त्या वेगाच्या अलीकडेच राहिला. दुसरे इंजिन शोधत आपण इजिप्तपर्यंत गेलो, हेलवानला एक मारुत नेऊन तिथल्या इंजिनावर उडवलेही, पण त्यातून काही निष्पन्न झाले नाही. जोर वाढवलेल्या इंजिनांच्या मारुतची चाचणी घेताना १० जानेवारी १९७० रोजी सुरंजन दास गेले. बंगळूरला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर मारुतने चोख काम केले; एकूण १४७ विमाने बनली; आणि पुढची पिढी आखलीच गेली नाही. एक संपूर्ण विमान आखू शकणारी माणसे आपल्याकडे तयार झाली होती. त्यांना पुढचे काम दिले गेले नाही. माझ्या दृष्टीने या सगळ्या कहाणीतला सर्वांत जिव्हारी लागणारा भाग हाच.

याउलट ओझरला काम भरपूर होते, पण ते दुसऱ्याने आखलेल्या विमानाचे. सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला, अशी मिगची वाटणी होती. त्यातून हजारो कुशल हात घडले. मात्र हा भाग इतक्याच जाडीचा का, ही मिश्रधातू हीच का, याचे उत्तर आराखड्यांसोबत येत नसे. परवान्यावर बांधणारा कारखाना ‘कसे’ शिकतो. ‘का’ हे विकणारा आपल्याजवळ ठेवतो.

संधी मिळाली की तेच हात काय करतात हेही ओझरनेच दाखवले. ब्राह्मोस क्षेपणास्त्राची हवाई आवृत्ती अडीच टन वजनाची. ती सुखोईच्या पोटाखाली टांगायची तर सांगाडा मजबूत करायला हवा, वीजतारा आणि संगणक बदलायला हवेत, आणि इतके वजन एका क्षणात सुटल्यावर विमान कसे वागेल याचे गणित मांडायला हवे. हे काम नाशिकला झाले. जून २०१६ मध्ये क्षेपणास्त्र टांगून उड्डाण झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये पहिला मारा यशस्वी झाला. विमान रशियन असूनही त्यावर आपल्याला हवे ते शस्त्र आपण बसवू शकलो, यातले स्वातंत्र्य किती मोलाचे आहे ते इतर विमानांच्या बाबतीत एकेका क्षेपणास्त्रासाठी परवानगीच्या फाइली हलताना पाहिल्या की कळते. आजच्या विमानात शस्त्र कोणते आणि धोका कोणता हे मुख्य संगणक ओळखतो. त्या संगणकातली आज्ञावली ज्याची, त्याला विचारल्याशिवाय नवे शस्त्र लावता येत नाही.

मग इंजिनच का जमले नाही? जेट इंजिनाचे एक टर्बाइन पाते हातात घ्या. तळहातावर मावते. ज्या वायूच्या झोतात ते फिरते त्याचे तापमान त्या धातूच्या वितळणबिंदूहून जास्त असते. तरी ते वितळत नाही, कारण पाते आतून पोकळ असते, त्याच्या अंगावरच्या केसासारख्या छिद्रांतून थंड हवेचा पातळ पडदा सतत वाहत असतो, आणि ते पाते एकाच अखंड स्फटिकाचे ओतलेले असते; धातूच्या कणांमधल्या ज्या सांध्यांवर तडा जातो ते सांधेच त्यात नसतात. मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेत ते शेकडो तास टिकले पाहिजे. ही विद्या अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया आणि अलीकडे चीन अशा मोजक्याच देशांना साधली आहे. ती कुणी विकत नाही, कारण तिथेच सगळी किल्ली आहे.

आपले कावेरी इंजिन १९८९ मध्ये मंजूर झाले. २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळे केले गेले, कारण हवा तेवढा जोर त्याला गाठता आला नाही. त्याला अपयश म्हणणाऱ्यांनी एक पाहावे : कावेरी हवेत तपासायला विमानाला बांधून नेण्याची सोय देशात नव्हती, २०१० मध्ये ते मॉस्कोजवळ नेऊन रशियाच्या विमानावर तपासावे लागले. चाचणीची साधने न देता परीक्षा घेतली आणि नापास ठरवले, असे मला स्पष्टपणे म्हणायचे आहे. चीननेही वर्षानुवर्षे रशियन इंजिने वापरली, पण स्वतःच्या इंजिनाचे काम मध्येच सोडले नाही.

स्वतःचे इंजिन नसल्याचा परिणाम ओझर आणि बंगळूरच्या हँगरांत दिसतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१एची मागणी नोंदवली, ऑगस्टमध्ये ९९ इंजिनांची. पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये आले. जनरल इलेक्ट्रिकचे म्हणणे असे की या इंजिनाची साखळी काही वर्षे बंद पडली होती, ती पुन्हा जुळवायला वेळ लागला. म्हणणे खरे आहे. विलंबाची सगळी जबाबदारी इंजिनावर टाकणेही चूक होईल. रडार आणि क्षेपणास्त्रे जुळवण्याचे आपले कामही रेंगाळले. पण तयार सांगाडे दुसऱ्याच्या कारखान्याकडे डोळे लावून उभे राहिले, हे कुणाला पुसता येणार नाही. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ निवृत्त झाले आणि हवाई दलाकडे २९ स्क्वाड्रन उरल्या. मंजूर संख्या ४२ आहे.

हाच आकडा मला बेधडक ‘परदेशी नकोच’ म्हणू देत नाही. सीमेवर उडणाऱ्या तरुणाला आज विमान हवे आहे. आपल्या कारखान्याला जमेल तेव्हा देऊ, असे त्याला सांगता येत नाही. १९९९ च्या कारगिल युद्धात टायगर हिलवर मिराज-२००० ने अचूक बाँब टाकले, ते विमान फ्रान्सचे, आणि वर्षभरापूर्वीच्या निर्बंधांत फ्रान्स सामील झाला नव्हता. सगळे विक्रेते सारखे नसतात. राफेल घेणे मला गैर वाटत नाही. मला खटकते ते हे, की दर खरेदीच्या वेळी आपण किंमत आणि संख्या यांवर भांडतो, आणि आज्ञावली कुणाच्या हातात, चाळीस वर्षांचे सुटे भाग कुठे बनणार, तिसऱ्या देशाचा नकाराधिकार कोणकोणत्या भागांत लपला आहे, हे प्रश्न करारावर सह्या झाल्यावर आठवतात. तहान लागल्यावर विहीर खणण्याची ही सवय मारुतच्या काळापासूनची आहे.

पुढच्या पिढीच्या ‘अ‍ॅमका’ विमानासाठी फ्रान्सच्या सॅफ्रानबरोबर इंजिन विकसित करण्याचा निर्णय २०२५ मध्ये जाहीर झाला. त्या इंजिनाची रचना कुणाच्या मालकीची राहील, पाती कुठे ओतली जातील, त्यात बदल करायचा किंवा ते दुसऱ्या देशाला विकायचे झाल्यास कुणाला विचारावे लागेल, हे नागरिकांनी आत्ताच विचारायला हवे. स्थायी समितीचे आणि कॅगचे अहवाल सर्वांना खुले आहेत. मराठीत त्यांवर फारसे लिहिले जात नाही, म्हणून मी ते मराठीत आणायचा प्रयत्न केला आहे. तांत्रिक भाग जिथे टाळता आला नाही तिथे तो यंत्रासमोर उभे राहून समजावा तसा मांडला आहे. विमाने कोसळून गेलेल्या वैमानिकांच्या घरच्यांनी हे वाचले, तर त्यांना आपल्या प्रश्नांना कुठेतरी जागा मिळाली असे वाटावे, एवढी काळजी मी घेतली आहे. पहिले प्रकरण १९५६ सालच्या बंगळूरात सुरू होते, कुर्ट टँक तिथे दाखल होतात तेव्हा.